सोंड

टाटा एसला रस्त्यावर छोटा हत्ती म्हणतात, हे पुण्यात कुणाला सांगायला नको. आमच्या कार्पेट धुण्याच्या धंद्याचा सगळा संसार त्या हत्तीच्या पाठीवर असतो. पाण्याची मशीन, होजची वेटोळी, दोन पंखे, बादल्या, केमिकलचे कॅन आणि मागे बसायला दोन उलटे क्रेट. मशीनला जोडायची जी लांब, दोन ठिकाणी वाकलेली स्टीलची नळी असते तिला मी बिलात ‘कार्पेट वँड’ लिहितो. आमच्याकडे कामाला असलेल्या मावशींनी ती पहिल्यांदा पाहिली आणि म्हणाल्या, “हत्ती आहे तर सोंड पण आली का?” तेव्हापासून ती सोंड. नवीन पोरगं कामाला लागलं की त्यालाही पहिल्या दिवशी हाच शब्द कळतो. वँड म्हटलं तर तो इकडंतिकडं बघत बसतो.

हिंजवडी, खराडी, बाणेरची ऑफिसं शनिवारी रात्री रिकामी झाली की आमचा दिवस उगवतो. दहा वाजता सिक्युरिटीकडे वहीत नावं लिहायची, मशीन मालाच्या लिफ्टने वर न्यायची, आणि सकाळी सहाच्या आत हजारो चौरस फूट कार्पेट धुऊन, पंखे लावून बाहेर पडायचं. या ऑफिसांत अखंड गालिचा क्वचितच असतो. 50 सेंटिमीटरच्या चौकोनी टाइल्स असतात, वर नायलॉनचे बारीक फासे आणि खाली बिट्युमेनचा किंवा पीव्हीसीचा थर. एक खराब झाली तर उचलून दुसरी टाकता येते. मालकाला बरं पडतं म्हणून सगळीकडे त्याच.

सोंड काय करते ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं रडगाणं कळायचं नाही. तिच्या अंगाला एक बारीक पाइप जोडलेला असतो, त्यातून मशीनचा पंप साबणाचं पाणी दाबाने पाठवतो. हाताशी खटका असतो. तो दाबला की खालच्या तोंडाजवळच्या पितळी जेटमधून पाण्याचा पंखा कार्पेटवर बसतो. त्याला लागूनच एक अरुंद फट असते, आणि तिथून मशीनची मोटर ते पाणी मळासकट लगेच परत ओढून घेते. पाणी टाकायचं आणि घेऊन यायचं, एकाच हालचालीत. नळी आपल्याकडे ओढताना खटका दाबायचा, आणि ओढ संपायच्या वीतभर आधी सोडायचा, म्हणजे शेवटी टाकलेलं पाणीही शोषलं जातं. मग त्याच पट्ट्यावरून खटका न दाबता एकदोनदा कोरडी फिरवायची. वाचायला सोपं आहे. रात्री तीन वाजता, सहाव्या तासाला, बोट खटक्यावरून उठत नाही.

माझी पहिली वँड मशीनबरोबरच आली होती. प्लॅस्टिकचं तोंड, अॅल्युमिनियमची दांडी. अॅल्युमिनियम हलकं असतं, पण आपली बरीचशी साबणं अल्कधर्मी, सोड्याच्या जातीची असतात आणि ती अॅल्युमिनियमला खातात. दोन वर्षांत दांडी काळपट, खरबरीत झाली, तोंडाला तडा गेला. नवीन घ्यायची वेळ आली.

मी कॅटलॉग मागवला. कॅटलॉग ही फार वाईट गोष्ट आहे. त्यात सगळं चकचकीत असतं आणि प्रत्येक पुढची वस्तू आधीच्या वस्तूपेक्षा थोडीच महाग असते. शेवटच्या पानावर एक वँड होती. 14 इंच रुंद तोंड, दोन इंची नळी, सहा जेट, पूर्ण स्टेनलेस. मी हिशोब केला, तोंड रुंद म्हणजे फेरे कमी, जेट जास्त म्हणजे धुणं चांगलं, नळी मोठी म्हणजे ओढ जास्त. दुकानदाराने एवढंच विचारलं, “मशीन कुठली आहे तुमची?” मी सांगितली. तो जरा थांबला, “बघा, तुमची मर्जी,” म्हणाला. त्या थांबण्याकडे मी लक्ष दिलं नाही. घरी बायकोने किंमत विचारली, तिला निम्मी सांगितली.

जुलैतला शनिवार होता. हिंजवडीच्या एका कंपनीचा तिसरा मजला. सोंड नवी, त्यामुळे सुरुवातीला मीच धरली. रुबाब होता तिचा, वादच नाही. पहिल्या दहा मिनिटांत 45 लिटरची स्वच्छ पाण्याची टाकी संपली. मला वाटलं, वा, काय वेग आहे. पोराने मळक्या पाण्याची टाकी उघडून पाहिली आणि म्हणाला, “दादा, ही तर अर्धी पण भरली नाय.” मी म्हटलं, फेस बसला असेल, चालू दे.

मावशी मागून पंखे लावत येत होत्या, अनवाणी. कार्पेटवर चप्पल घालायची नाही हा त्यांचाच नियम. दोन केबिन झाल्यावर त्या थांबल्या, पायाचा अंगठा दाबून बघितला आणि म्हणाल्या, “दादा, कुठंतरी पाणी मुरतंय.”

आपण एरवी हे वाक्य पैशाच्या व्यवहारात म्हणतो. त्या रात्री ते शब्दशः खरं होतं आणि तरी मी ऐकलं नाही.

सोमवारी सकाळी साडेनऊला फोन आला. मजल्यावर ओल्या गोणपाटाचा वास येत होता. मी धावत गेलो. शनिवार-रविवार एसी बंद, खिडक्या काचेच्या आणि कायमच्या बंद, बाहेर पावसाळी हवा. आम्ही सकाळी जाताना पंखेही उचलून आणलेले. वाळायला वाव कुठून असणार? पँट्रीशेजारचा चहाचा मोठा डाग, जो रविवारी पहाटे मी स्वतः फोटो काढून ‘गेला’ म्हणून पाठवला होता, तो होता तिथेच, उलट कडेने गडद. ॲडमिनच्या बाईंनी माझा फोटो मोबाइलवर उघडून डागाच्या शेजारी धरला. काही बोलल्या नाहीत. त्या महिन्याचं बिल मी मागितलं नाही, त्यांनीही दिलं नाही.

डाग परत कसा येतो, हे मला त्यानंतर नीट कळलं. समईत तेल खाली आणि ज्योत वर असते. वात तेल चढवत राहते. कार्पेटचा धागा म्हणजे वातच. पाणी खूप झालं की ते मुळापर्यंत उतरतं, तिथला जुना चहा विरघळवतं, आणि मग वाळायला लागलं की वरच्या टोकातून उडून जातं. पाणी जातं, चहा टोकावर बसतो. म्हणजे जितकं जास्त पाणी मी प्रेमाने ओतलं, तितका खालचा मळ वर यायची सोय मीच केली. आणि राहिलेला साबण चिकट असतो, तो महिनाभरात नवीन धूळ गोळा करतो ते वेगळंच.

पाणी का ओढलं गेलं नाही, याचं उत्तर शाळेच्या गणितात होतं. दीड इंची नळीच्या तोंडाचं क्षेत्रफळ पावणेदोन चौरस इंचांच्या आसपास येतं आणि दोन इंची नळीचं सव्वातीनला थोडं कमी. नळी अर्ध्या इंचाने मोठी, पण वाट पावणेदोन पटीहून जास्त रुंद. मोटर मात्र तीच. नदीचं पात्र रुंद झालं की पाणी संथ होतं, तशी आतली हवा संथ झाली. संथ हवेला पाण्याचे थेंब चढावर नेता येत नाहीत, ते नळीच्या भिंतीला चिकटून बसतात. मी दर वेळी मशीन बंद केली की सोंडेतलं ते राहिलेलं पाणी घरंगळत खाली कार्पेटवर येत होतं, आणि मी ते पायाने पुसत होतो. तिकडे अमेरिकेत व्हॅनच्या इंजिनावर चालणारी मशीनं असतात, त्यांची ओढ आमच्या चाकांवरच्या मशीनच्या कितीतरी वरची असते. दोन इंची सोंड त्या हत्तीची. मी ती वासराला लावली होती.

जेटचंही तसंच. जेटच्या पितळेवर बारीक आकडा कोरलेला असतो. माझ्या जेटवर 11002 होतं. मी तो मॉडेल नंबर समजत होतो. पहिले तीन आकडे म्हणजे पाण्याचा पंखा किती अंशात उघडतो, 110. पुढचे दोन म्हणजे 40 पौंड दाबाला मिनिटाला किती अमेरिकन गॅलन पाणी, 0.2. असे सहा, म्हणजे 1.2 गॅलन, साडेचार लिटर. टाकी 45 लिटरची. दहा मिनिटांत ती का संपली, याचं उत्तर हातात धरलेल्या पितळेवर लिहिलेलं होतं. वर पुन्हा माझ्या पंपाला एवढी सहा तोंडं भरवायची ताकद नव्हती, त्यामुळे दाब पडला. पाणी धाग्यांत घुसून मळ हलवायच्या ऐवजी नुसतंच झारीसारखं पडत राहिलं.

ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाचा इंग्रज इंजिनिअर मला तेव्हापासून आवडतो. त्याने लंडनमध्ये धूळ फुंकून उडवणाऱ्या एका यंत्राचं प्रात्यक्षिक पाहिलं. यंत्र दणक्यात फुंकत होतं आणि धूळ उडून पुन्हा खाली बसत होती. बूथच्या डोक्यात आलं की फुंकण्यापेक्षा ओढून घ्यावं. 1901 मध्ये त्याने तसं यंत्र केलं, ते इतकं मोठं की घोडागाडीवर दारात उभं करून खिडकीतून लांब नळ्या आत सोडाव्या लागत. सातव्या एडवर्डच्या 1902 च्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे त्या यंत्राने साफ केले. म्हणजे घोड्याचा टेम्पो, बाहेर मशीन आणि आत सोंड घेतलेला माणूस. सव्वाशे वर्षांत आमच्यात बदललंय ते एवढंच की आम्हाला पार्किंगची पावती फाडावी लागते.

त्यानंतरची सोंड मी वेगळ्या पद्धतीने घेतली. कॅटलॉग बघितला नाही, मशीनच टेम्पोत घालून दुकानात नेली. दुकानदाराला आनंद झाला. फरशीवर एक कार्पेटचा तुकडा टाकून आम्ही तीन वँड लावून बघितल्या. शेवटी 12 इंची तोंड, दीड इंची नळी, दोनच जेट. खटका सोडून दोन कोरडे फेरे मारले आणि वर टिशू पेपर दाबला. जवळजवळ कोरडा. चौदा इंची सोंडेने हेच केल्यावर टिशूचा लगदा झाला होता. ती चौदा इंची आता आमच्या माळ्यावर आहे, विकत कुणी घेत नाही.

पण गोष्ट इथं संपली नाही, कारण नवी सोंड माझ्या हातात छान चालायची आणि मावशींच्या हातात नाही. माझे पट्टे कोरडे, त्यांचे ओले. मी एक-दोनदा बोललोही, मावशी जरा दाबून ओढा. त्या दाबायच्या. सकाळी खांदा धरून बसायच्या. पोराला मी म्हणालो, वय झालं त्यांचं. हे वाक्य त्यांच्या कानावर गेलं असावं.

पुढच्या शनिवारी त्यांनी मला खाली बसायला लावलं. “इथून बघा.” मी जमिनीला गाल लावून सोंडेचं तोंड बघितलं. त्यांची उंची पाच फुटाला दोन बोटं कमी. नळी बनवणाऱ्याने मनात धरलेला माणूस सहा फुटी असावा. तेवढ्या उंचीच्या माणसाने मूठ धरली की तोंड जमिनीवर सपाट बसतं, पुढची आणि मागची दोन्ही ओठं कार्पेटला टेकतात. मावशींच्या कमरेच्या उंचीवर मूठ आली की सगळी नळी कलंडते, त्यांच्याकडचं ओठ रुततं आणि पलीकडचं उचलतं. त्या फटीतून मशीन नुसती हवा खात होती. मला माझ्या डोळ्यांनी, टॉर्चच्या उजेडात, उचललेल्या ओठाखालून पलीकडची भिंत दिसली.

“दाबून काय होणार, दादा,” त्या म्हणाल्या. “दांडी माझ्या मापाची नाय.”

सोमवारी आम्ही भोसरीला गेलो, मावशींना घेऊन. एमआयडीसीत एक वर्कशॉप आहे, लेथ आणि आर्गन वेल्डिंगचं. तिथल्या मिस्त्रीने आयुष्यात कार्पेट वँड पाहिली नव्हती, पण नळी पाहिली होती. त्याने मावशींना सरळ उभं केलं, हातात नळी दिली, तोंड फरशीवर सपाट बसवलं आणि मूठ कुठं यायला हवी तिथं खडूने खूण केली. शिंपी बाही मापतो ना, तसं. नळी चार इंच जास्त होती. मग दोन वाकांच्या मधल्या सरळ भागावर कापायच्या आधी लांबीच्या दिशेने एक सरळ रेघ ओरखडली, जोडताना दोन्ही तुकडे पिळले जाऊ नयेत म्हणून. कापल्यावर कडा घासल्या. वेल्डिंग करताना त्याने नळीच्या दुसऱ्या टोकाला कागदी टेप लावून आतूनही आर्गन सोडला. मी विचारलं, कशाला? तो म्हणाला, आतून गॅस नसेल तर जोड मागच्या बाजूने जळतो, खरबरीत होतो. तुमच्या नळीतून केस, सुतं जाणार, ती तिथंच अडकणार. मग त्याने करंगळी आत घालून जोड फिरवून पाहिला आणि मावशींची करंगळी पण घालायला लावली. त्यांनी घातली. “गुळगुळीत हाय,” म्हणाल्या.

पाण्याचा बारीक पाइपही तेवढाच तोकडा केला, आणि खटक्याची मूठ पट्टी सैल करून खाली सरकवली. सगळे मिळून त्याने जे पैसे घेतले त्यात कॅटलॉगमधला एक जेट आला नसता.

पुढच्या शनिवारी रात्री मावशींचे पट्टे माझ्यापेक्षा कोरडे निघाले. मला वाटलं होतं त्या तेवढ्यावर थांबतील, पण त्यांना आता सोंडेत रस आला होता. कुठल्या कोपऱ्यातून सुरू करायचं हे मी पोरांना दर वेळी सांगतो आणि ते दर वेळी दारातून सुरू करून स्वतःच्याच ओल्यावर चालत येतात. मावशींनी त्यांना एका वाक्यात शिकवलं. “जमीन सारवलीय का कधी? तसं माघारी या.” भोरकडच्या गावात त्या शेणाने सारवत मोठ्या झाल्या. पलीकडच्या कोपऱ्यातून सुरुवात, प्रत्येक हात आधीच्या हातावर थोडा चढवायचा म्हणजे मधे पट्टा राहत नाही, आणि उंबऱ्यापाशी उठायचं. जेटच्या पंख्याची कड पातळ असते म्हणून पट्टे एकमेकांवर दोन बोटं चढवावे लागतात, असं मी पोरांना कागदावर आकृती काढून समजावत होतो. पोरांनी सारवलेलं नव्हतं, पण आजी आठवली असणार. लगेच कळलं.

ओठांवर आता आम्ही टेफ्लॉनची पट्टी बसवतो. स्टीलचं तोंड नुसतं ओढलं की फाश्यांवर घासतं आणि हाताला झटके देतं. पट्टी बसवली की ते लोण्यासारखं सरकतं आणि कडा नीट बसल्यामुळे ओढही वाढते. पट्टीत भोकं किंवा खाचा असतात, त्या शोषायच्या फटीच्या बरोबर समोर यायला हव्यात, नाहीतर उलटाच कारभार. ती झिजते. झिजली की तिची कड सुरीसारखी धारदार होते आणि फासे उसवते. म्हणून मावशी दर रात्री तिच्यावरून नख फिरवतात. नख अडकलं तर बारीक पॉलिश पेपर.

जेटचं दुखणं पुण्यात वेगळंच आहे. टँकरचं आणि बोअरचं पाणी जड, त्याचा चुना पितळेच्या त्या केसाएवढ्या चिरेत साचतो. एक जेट तुंबला की कार्पेटवर झेब्र्यासारखा कोरडा पट्टा उमटतो, तो सकाळी उजेडातच दिसतो. पोरं सुई घालून काढायची. सुईने पितळ खरवडलं जातं, चिरेचा आकार बिघडतो, मग पाण्याचा पंखा एका अंगाला झुकतो आणि तो जेट कायमचा गेला. आता व्हिनेगरच्या वाटीत रात्रभर ठेवतो आणि जुन्या टूथब्रशने पुसतो. सुई मी टेम्पोतून काढून घरी आणली आहे, बायको तिने बटणं लावते.

लोकरीचा गालिचा आला तर ही सोंड आम्ही बाजूला ठेवतो. मागच्या वर्षी एका घरी काश्मिरी गालिचा होता, हातगाठींचा, मालकिणीच्या सासूबाईंचा. पांढरं फडकं ओलं करून कोपऱ्यात दाबलं तर लाल रंग फडक्यावर आला. सरळ नाही म्हणून उठलो. चहा घेतला, गप्पा झाल्या, पैसे नाहीत. असे दिवसही असतात.

परवा दुकानदाराने फोनवर नव्या वँडचा व्हिडिओ पाठवला. कमी पाण्यात काम, तोंडातच बंदिस्त फवारा, वगैरे. मला मोह झाला, नाकारत नाही. टेम्पोत मागच्या क्रेटवर बसलेल्या मावशींना दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा पाहिला, आवाज बंद करून.

“वजन किती आहे?”

मी खाली स्क्रोल करत गेलो. रुंदी होती, दाब होता, जेट होते, तीन रंगांचे फोटो होते. वजन कुठंच नव्हतं.

“मग विचारा की,” त्या म्हणाल्या आणि पुढच्या टेम्पोचे दिवे बघत बसल्या.